सायकलला इंजिन : वायरिंग आणि बिघाडांच्या नोंदी

२ नोव्हेंबर

किट आलं. डब्यावर ठळक '८० सीसी' छापलंय. हेडचे नट पुन्हा आवळून घ्यायचेच होते, म्हणून हेड उतरवून व्हर्नियर लावला. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ४७ मिमी, पिस्टनची चाल ३८ मिमी. हिशेब केला तर ६६ सीसी भरतात. सायकलच्या फ्रेमला तेवढंही पुष्कळ आहे, त्यामुळे तक्रार नाही. पण पिस्टन किंवा रिंगा मागवताना डब्यावरच्या आकड्यावर जाऊ नका, मोजून मागवा. ४८ सीसीच्या इंजिनाचा बोअर ४० मिमी असतो आणि बाहेरून दोन्ही इंजिनं जवळपास सारखीच दिसतात.

हेडचे चार नट आळीपाळीने, समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले. एकच नट आधी पूर्ण आवळला तर हेड तिरकं बसतं आणि पॅकिंगमधून कॉम्प्रेशन जातं.

यापूर्वी मी इंजिन कधी उघडलेलं नाही. इलेक्ट्रिकचं ज्ञान म्हणजे मल्टिमीटर धरता येतो आणि सोल्डर मारता येतं, एवढंच.

८ नोव्हेंबर

इंजिन फ्रेममध्ये बसवणं सोपं गेलं. वेळ खाल्ला तो मागच्या स्प्रॉकेटने. ४४ दाती चकती स्पोकच्या दोन्ही अंगांना रबराच्या चकत्या ठेवून नऊ बोल्टांनी दाबायची असते. पहिल्या बसवणीत चाक फिरवलं की स्प्रॉकेट डुगडुगत होतं. फ्रेमला एक पेन्सिल बांधली, तिचं टोक दातांजवळ आणलं आणि चाक सावकाश फिरवत गेलो. जिथे दात पेन्सिलीला टेकतात तिथले बोल्ट पाव पाव फेरा आवळायचे आणि समोरचे तेवढेच ढिले करायचे. कंटाळवाणं काम आहे, पण इथे आळस केला तर चेन उडते.

चेन ४१५ नंबरची आहे. मधोमध दाबल्यावर १२ ते १५ मिमी खेळ राहील अशी ठेवली. किटमधला ताणाचा रोलर लावला नाही. तो फ्रेमच्या पट्टीवर नुसता क्लॅम्पने धरलेला असतो, सरकला की थेट स्पोकमध्ये. चेनची एक कडी कमी केली, चाक थोडं मागे ओढलं, काम भागलं.

पुढचा ब्रेक याच बैठकीत बदलून घेतला. इंजिन चालू करायच्या आधी ब्रेक. याबाबतीत मी हटवादी आहे.

१२ नोव्हेंबर

वायरिंग. मॅग्नेटोतून (इंजिन फिरलं की चुंबक आणि कॉइलने वीज तयार करणारा भाग) तीन वायरी बाहेर येतात : निळी, काळी, पांढरी. सीडीआयमधून (मॅग्नेटोची वीज घेऊन प्लगला ठिणगी देणारा डबा) दोन : निळी आणि काळी. निळीला निळी, काळीला काळी. पांढरी ही वेगळ्या छोट्या गुंडाळीची, दिव्यासाठी दिलेली. ती जेमतेम ६ व्होल्टच्या दिव्याला मिणमिणता ठेवेल एवढीच.

किल स्विचच्या (इंजिन बंद करायच्या बटणाच्या) दोन वायरी उरतात. पत्रकात लिहिलंय की एक पांढरीला जोडा, एक काळीला. तसंच केलं. (हे नंतर काढावं लागलं, पुढे येईल.)

जोड सगळे बुलेट कनेक्टरचे, आणि अत्यंत ढिले. पितळी नळी पक्कडीने हलकेच चेपून घ्यावी, मग गोळी तिच्यात घट्ट बसते. सीडीआय सिलिंडरच्या अगदी जवळ बसवला कारण प्लगची वायर आखूड आहे.

१३ नोव्हेंबर

पायडल मारून मारून पोटऱ्या भरून आल्या. इंजिन हूं की चूं करत नाही. प्लग काढला तर ओला, म्हणजे पेट्रोल पोचतंय. करंट येत नाही.

करंट बघायची पद्धत : प्लग टोपीत घालायचा, त्याचे आटे हेडच्या उघड्या धातूला टेकवायचे, मागचं चाक उचलून क्लच सोडायचा आणि पायडल फिरवायचं. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, म्हणून प्लग भोकापासून लांब धरा आणि भोकावर चिंधी ठेवा. टोपी हातात धरू नका. झटका बसला तर पुन्हा धरणार नाही इतका सणसणीत असतो.

ठिणगी नाहीच. आधी किल स्विच पूर्ण सोडवला. फरक नाही. मग सीडीआयकडची निळी-काळी सोडवून मॅग्नेटोच्या बाजूने मीटर लावला : निळी ते काळी ३४० ओहम. या कॉइलला ३०० ते ४०० च्या मध्ये काहीही आलं तर चांगलं समजायचं. शून्याजवळ आलं तर आत शॉर्ट, काहीच आलं नाही तर तार तुटली. पांढरी ते इंजिनची बॉडी एक ओहमच्या आसपास, तेही ठीक.

मग उरले सीडीआय आणि टोपी. सगळे जण सीडीआय बदला म्हणून सांगतात, मीही मागवायच्या बेतात होतो. पण टोपी ओढून बघितली तर वायरवरून अलगद निघून हातात आली. टोपीच्या आत लाकडाच्या स्क्रूसारखा एक काटा असतो, तो वायरच्या मधल्या तारांमध्ये शिरायला हवा. इथे तो तारांच्या बाजूने नुसत्या रबरात शिरला होता. वायर ५ मिमी छाटली, टोक सरळ कापलं, टोपी दाबत घड्याळाच्या दिशेने फिरवून बसवली. छाटताना हात राखून छाटा. वायर मुळातच आखूड आहे.

ठिणगी आली, पण पिवळी आणि मरतुकडी. किटसोबतचा प्लग बाजूला ठेवून एनजीके बी६एचएस लावला, गॅप ०.६ मिमी. आता ठिणगी निळसर आणि टचटच आवाजाची. अंधारात करून बघा, फरक लगेच कळतो.

१४ नोव्हेंबर

सुरू झालं! धूर, आवाज, सगळं. पेट्रोल-ऑइल १६ ला १, म्हणजे एक लिटर पेट्रोलला साधारण ६२ मिली टू-टी ऑइल. रनिंग-इन (नवं इंजिन सुरुवातीला हळू चालवण्याचा काळ) संपलं की २० ला १, म्हणजे लिटरला ५० मिली.

आनंद ओसरला तो बंद करताना. किल बटण दाबलं की इंजिन नुसतं दबतं, भकभकतं आणि बटण सोडलं की पुन्हा जोरात. शेवटी पेट्रोलची चावी बंद करून ते मरायची वाट बघितली.

कारण पांढरी वायर. किल स्विच पांढरीला जोडला की आपण दिव्याची गुंडाळी शॉर्ट करतो, आणि इग्निशनची गुंडाळी आपलं काम करतच राहते. काही इंजिनं यानेही बंद पडतात म्हणे, पण दर वेळी ती छोटी गुंडाळी विनाकारण तापते. बरोबर जोडणी अशी : किल स्विचची एक वायर निळीच्या जोडावर, दुसरी काळीच्या जोडावर. बटण दाबलं की निळी थेट अर्थ होते आणि सीडीआयला काही मिळतच नाही. बदल केल्यावर इंजिन टक्कन बंद.

पांढरी वायर आता मोकळी आहे. तिच्या टोकाला स्लीव्ह चढवून फ्रेमला बांधून टाकली. उघडी सोडली तर कुठेतरी बॉडीला टेकणारच.

१९ नोव्हेंबर

नवं दुखणं. सरळ रस्त्यावर झकास चालते, डावीकडे वळवली की इंजिन झटका मारतं. जास्त वळवली तर बंद. उजवीकडे काही नाही.

कार्ब्युरेटरवर संशय घ्यायचा मोह होतो. वळताना फ्लोट कलतो, पेट्रोल कमी पडतं वगैरे. पण पेट्रोलची तूट असेल तर इंजिन घुटमळत मरतं. हे मात्र दिवा विझल्यासारखं क्षणात जात होतं. एवढ्या फरकावरून दिशा ठरवता येते.

किल स्विचच्या दोन्ही वायरी सोडवून चालवली. कितीही वळवा, बंद पडत नाही. म्हणजे आजार स्विचच्या वायरीत. मीटर बीपवर ठेवला, एक टोक किलच्या निळ्या बाजूच्या वायरीला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला, आणि हँडल हळूहळू फिरवलं. डावीकडे अर्ध्यावर गेलं की बीप. (जोड सोडवूनच मोजा. कॉइल जोडलेली असताना आकडे भलतेच दिसतात.)

थ्रॉटलच्या मुठीचं घर उघडलं. दोन अर्ध्या वाट्या एकमेकींवर बसतात तिथे आतल्या कडेला वायर दबली होती. वरचं प्लास्टिक कापलं जाऊन तांब्याच्या तीनचार तारा चकाकत होत्या, आणि त्या बरोबर हँडलच्या क्रोमवर टेकत होत्या. हँडल डावीकडे गेलं की वायर ताणली जायची आणि तारा पाइपला चिकटायच्या. हँडल म्हणजे फ्रेम, फ्रेम म्हणजे इंजिन, म्हणजे अर्थ. मी डावीकडे वळत होतो तेव्हा किल बटणच दाबलं जात होतं.

वायरीचा तेवढा तुकडा कापला, नवा जोडला, सोल्डर मारून स्लीव्ह चढवली. घराच्या कडेला कानशीने एक छोटी खाच केली म्हणजे वायर तिच्यातून मोकळी बाहेर येते. हँडलजवळ वायरीला ढील ठेवली.

२५ नोव्हेंबर

लांब फेरीत इंजिन काही वेळाने बंद पडतं, थांबलं की पुन्हा सुरू होतं. या एका लक्षणामागे दोन वेगवेगळे बिघाड निघाले, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला : टाकीचं झाकण. बंद पडल्यावर झाकण उघडलं तर 'स्स्स' आवाज करत हवा आत शिरली. झाकणातलं हवेचं भोक रंगाने बुजलेलं. पेट्रोल खाली जातं, वरून हवा येत नाही, मग धार आटते. बारीक तार घालून भोक मोकळं केलं. फेरी वाढली.

पण तापल्यावर बंद पडणं गेलं नाही, आणि आता मरण्याची तऱ्हा वेगळी : घुटमळणं नाही, क्षणात बंद. म्हणजे पुन्हा करंट. सीडीआय सिलिंडरजवळ भाजत होता, म्हणून त्याच्यावर संशय. तो पुढच्या दांड्यावर हलवला, वायरी लांबवल्या. उपयोग शून्य. तरी तो तिथेच राहू दिला, त्याची जागा तीच असायला हवी होती.

२७ नोव्हेंबर

बंद पडल्याबरोबर रस्त्याच्या कडेला मीटर लावला. निळी-काळीमध्ये काहीच नाही, तार तुटल्यासारखं. घरी येईपर्यंत इंजिन गार, मीटर पुन्हा ३४०. गार असताना मोजून कॉइल चांगली ठरवली होती ती अशी निसटली.

३० नोव्हेंबर

मॅग्नेटोचं झाकण उघडलं. झाकणाचे स्क्रू इतके मऊ आहेत की चुकीच्या मापाच्या स्क्रूड्रायव्हरने डोकं गुळगुळीत होतं. बरोबर बसणारा घ्या आणि वरून दाब देऊन फिरवा. आत शाफ्टवर चौकोनी चुंबक आणि त्याला कवेत घेणारी कॉइल. चुंबक उलटा बसवला तर टायमिंग उलटंपालटं होतं आणि इंजिन सुरू होत नाही, म्हणून तो काढला नाही, फक्त कॉइलचे दोन स्क्रू सोडवून कॉइल सरकवून बाहेर घेतली.

कॉइलला मीटर लावून ठेवला आणि केस वाळवायच्या ड्रायरने गरम हवा मारली. आकडा ३४० वरून चढायला लागला. एवढं चढणं बिघाड नव्हे. तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतोच, ८० अंशांना याच कॉइलचे ४०० च्या पुढे दिसतील. पण ३७० च्या आसपास आकडा एकदम नाचला आणि गायब. ड्रायर बाजूला केला, थोड्या वेळाने परत आला. रस्त्यावर दिवसभर हुलकावणी देणारा बिघाड टेबलावर हवा तेव्हा दाखवता येऊ लागला की अर्धी लढाई जिंकली.

निळी वायर कॉइलमध्ये शिरते तिथली पिवळी पट्टी ब्लेडने सोलली. खाली जाड निळी वायर आणि केसासारखी बारीक लाखेची तार यांचा जोड. सोल्डरचा गोळा दिसायला ठीक, पण तार त्यातून निघते त्या जागी हिरवी पडलेली आणि चिमट्याने हलवल्यावर गोळ्यापासून सुटलेली. गार असताना टोक टोकाला टेकत होतं, तापल्यावर सगळं थोडं फुगायचं आणि फट पडायची.

दुरुस्ती : वरचा एक वेढा सोडवून तारेला थोडी ढील घेतली. हिरवा भाग कापून टाकला. तारेवरची लाख ब्लेड आडवं धरून अगदी हलक्या हाताने खरवडली. जोर लावला की तार तुटते आणि आणखी एक वेढा जातो. टोकाला सोल्डरचा हात दिला, निळ्या वायरीच्या टोकालाही दिला, मग दोन्ही एकत्र ठेवून सोल्डरची इस्त्री क्षणभर टेकवली. फ्लक्स राळेचा वापरा. आम्लाचा फ्लक्स जोडाजवळ राहिला तर काही महिन्यांत तार पुन्हा हिरवी पडते, बहुधा कारखान्यात तेच झालं असावं. वर काचधाग्याची पट्टी, त्यावर उष्णता सोसणारं इपॉक्सी, आणि जाड वायर कॉइलच्या पत्र्यांना बांधून टाकली, म्हणजे ओढ लागली तर ती जोडावर न येता बांधणीवर येते.

इपॉक्सी रात्रभर वाळू दिलं.

१ डिसेंबर

कॉइल ३४२ ओहम. ड्रायरखाली ३९० पर्यंत गेली, आकडा कुठे नाचला नाही.

बसवण्याआधी कॉइलचे पत्रे जिथे इंजिनला टेकतात त्या दोन जागा रेगमालाने घासून उघड्या केल्या. कॉइलचं एक टोक याच पत्र्यांतून अर्थ होतं. तिथे रंग किंवा गंज असेल तर सगळा भार काळ्या वायरीच्या ढिल्या कनेक्टरवर येतो. एव्हाना माझं मत पक्कं झालंय की या किटमधले कॉइल, सीडीआय, स्विच हे भाग वाईट नाहीत, त्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या जागा वाईट आहेत. म्हणून बुलेट कनेक्टर सगळे कापून टाकले, निळी आणि काळी सोल्डर मारून स्लीव्हमध्ये बंद केली. फक्त किल स्विचला कनेक्टर ठेवला, कारण बिघाड शोधताना तो सर्वांत आधी सोडवावा लागतो.

वायरी झाकणातून बाहेर येतात त्या रबरी बुचाभोवती सिलिकॉन भरलं. पाणी आत शिरायची ही मुख्य वाट.

६ डिसेंबर

करंट आता भरवशाचा, त्यामुळे कार्ब्युरेटरकडे निवांत बघता येतं. आधी बघण्यात अर्थ नव्हता. ठिणगी कधी असेल कधी नसेल तेव्हा कार्ब्युरेटरमधली पेट्रोल कमीजास्त करणारी सुई वरखाली करून काही कळत नाही.

लक्षण : मूठ सोडल्यावर आरपीएम खाली यायला उशीर, उभ्या जागी आवाज वरखाली. बाहेरून हवा शिरतेय असा अंदाज. कार्ब्युरेटर नळीवर चढतो त्या सांध्यावर साबणाचं पाणी शिंपडलं, इंजिनचा आवाज लगेच बदलला. कार्ब्युरेटर नळीवर नुसता क्लॅम्पने धरलेला असतो आणि आत पक्कं टेकतोच असं नाही. बरोबर मापाची ओ-रिंग घालून पुन्हा दाबला. हा सांधा दुर्लक्षित ठेवू नका. बाहेरची हवा म्हणजे मिश्रण पातळ, आणि पातळ मिश्रणावर टू-स्ट्रोक तापून पिस्टन सीज होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो.

आता उलट तक्रार : पूर्ण मूठ दिली की 'भर्र-भर्र' असा जड आवाज, ताकद नाही. मिश्रण घट्ट झालंय. सुईवरची क्लिप एक खाच वर घेतली, म्हणजे सुई तेवढी खाली बसते आणि पेट्रोल कमी जातं. स्लाइड (मुठीबरोबर वरखाली होणारा, सुई धरणारा भाग) परत घालताना तिची उभी खाच आतल्या खुंटीवर बरोबर बसते ना ते बघा. जबरदस्तीने बसवली तर मूठ उघडीच अडकते. अशा वेळी किल स्विच निळीवर असल्याचं महत्त्व पटतं.

१४ डिसेंबर

लांब फेरी, मुद्दाम चढाच्या रस्त्याने. एकदाही बंद पडली नाही. घरी येऊन प्लग काढला : टोक चॉकलेटी, कोरडं. गरम कॉइल मोजली, ३८५.

उरलेली कामं. क्लचची केबल ताणली गेलीय, लिव्हर दाबूनही चाक जरा ओढतं. केबल खेचून घेईन, नाही भागलं तर झाकणाआडचा, क्लचचा दाब ठरवणारा फुलनट एक खाच फिरवेन. मागच्या स्प्रॉकेटचे बोल्ट पुन्हा तपासायचे, रबर दबल्याने दोन ढिले निघाले. दिवा पांढऱ्या वायरीवर लावणार नाही, वेगळ्या बॅटरीवर घेणार.